गंधर्वांचा जमाखर्च

नारायणराव राजहंस म्हणजेच नटसम्राट बालगंधर्व यांचे नाव निघाले की आपल्याकडे दोन गोष्टींची चर्चा हटकून होते. एक त्यांच्या गळ्याची आणि दुसरी त्यांच्या शालूंची. ज्यांनी त्यांना पाहिले ते आता फारसे उरले नाहीत; ज्यांनी पाहिले नाही ते जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकून आणि छायाचित्रे पाहून माना डोलावतात. मीही त्याच दुसऱ्या गटातला. पण वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे म्हणा किंवा आमच्या गायन मंडळाचा खजिनदार असल्यामुळे म्हणा, त्यांचे चरित्र वाचताना माझे लक्ष तिसऱ्याच गोष्टीकडे वळत राहिले. ती गोष्ट म्हणजे त्यांच्या मंडळीचा जमाखर्च. गावोगाव हिंडणारी, शंभराच्या घरात माणसे असलेली, गाण्यावर जगणारी एक संस्था चालत तरी कशी होती? पैसा येत कुठून होता आणि जात कुठे होता? या प्रश्नांच्या मागे लागलो आणि एका मोठ्या कलावंताचे आयुष्य मला निराळ्या बाजूने दिसू लागले. तेच या लेखात मांडायचे आहे.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. लहानपणीच गळा असा की ऐकणारा थबकावा. १८९८ च्या सुमारास पुण्यात लोकमान्य टिळकांनी या दहा वर्षांच्या मुलाचे गाणे ऐकले आणि त्याला बालगंधर्व हे नाव मिळाले, असे सर्वत्र सांगितले जाते. नाव मिळाले, पण नावाने पोट भरत नाही. गाणाऱ्या मुलाला त्या काळी पोटापाण्याची एक मोठी वाट होती आणि ती नाटक मंडळीतून जात होती. त्यांतही अग्रभागी होती किर्लोस्कर नाटक मंडळी.

येथे आमच्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांसाठी एक गोष्ट नमूद करायला हवी. ही मंडळी काढणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे आजच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. १८८० मध्ये पुण्यात त्यांनी संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाला सुरुवात करून दिली. त्याच्याही आधी, १८४३ मध्ये, सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा पहिला खेळ केला तो कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. तेव्हा मराठी रंगभूमीच्या खतावणीत पहिली जमा कानडी मुलखाच्या नावावर आहे, हे आपण मराठी मंडळींनी मोकळ्या मनाने मान्य करावे.

किर्लोस्कर मंडळीचे गाणारे नट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये वारले आणि मंडळीची मोठी पोकळी झाली. ती भरून काढील असा गळा चार वर्षांनी सापडला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पाठबळाने नारायणराव १९०५ मध्ये मंडळीत दाखल झाले आणि मिरजेला शकुंतलेच्या भूमिकेत पहिल्यांदा प्रेक्षकांपुढे आले. वय वर्षे सतरा. त्यानंतरच्या काही वर्षांतच या मंडळीच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा आधार म्हणजे हा तरुण होऊन बसला. त्याचे नाव जाहिरातीत आहे की नाही, यावर तिकिटे खपणे न खपणे ठरू लागले.

१२ मार्च १९११ हा दिवस त्यांच्या प्रत्येक चरित्रात येतो. त्या दिवशी मुंबईत खाडिलकरांच्या मानापमान नाटकाचा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी वारली. प्रयोग झाला. भामिनीची भूमिका त्यांनीच केली. या प्रसंगाकडे आपण कलेवरील निष्ठा म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. परंतु हिशेबाच्या नजरेने पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. महिनोन् महिने तालमी चाललेल्या, नव्या पडद्यांवर आणि कपड्यांवर पैसा ओतलेला, नाट्यगृह ठरलेले, तिकिटे विकलेली. खेळ बंद ठेवला असता तर ते नुकसान एका माणसाचे नव्हते. त्या रात्रीच्या उत्पन्नावर जेवणारी सारी माणसे त्या नुकसानीत आली असती. मुख्य नट आजारी पडू शकत नाही, शोक करू शकत नाही, अशी ती रचना होती. एका गळ्यावर उभा केलेला संसार किती निर्दय असू शकतो, हे त्या दिवसाइतके दुसऱ्या कशाने कळत नाही.

त्याच वर्षी मंडळीचे नानासाहेब जोगळेकर वारले आणि पुढे कारभारावरून मतभेद वाढत गेले. १९१३ च्या जुलैमध्ये नारायणराव, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय लाभला. भागीदार तिघे, पण नाव एकाचे. इथून पुढे नारायणराव हे पगारी नट राहिले नाहीत, ते मालक झाले. आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड भूमिका हीच होती.

वाचकहो, फिरती संगीत मंडळी म्हणजे काय प्रकरण असे, याची कल्पना आज आपल्याला येणे कठीण आहे. गायक, नट, साथीदार, तालीममास्तर, कपडेपटवाले, पडदे रंगविणारे, सुतार, आचारी, वाढपी, नोकर आणि शिवाय त्यांतील कित्येकांची बायकामुले, एवढे सगळे बिऱ्हाड गावोगाव हालायचे. खेळ आठवड्यातून साधारण तीन. जेवण मात्र आठवड्याचे सातही दिवस, दोन्ही वेळ. उत्पन्न तीन रात्रींचे आणि खर्च सात दिवसांचा, या एका वाक्यात सगळ्या नाटक मंडळ्यांच्या भरभराटीचे आणि बुडण्याचे कारण सापडते.

मी माझ्या समजुतीसाठी एक हिशेब मांडून पाहिला. आकडे काल्पनिक आहेत, पण रीत खरी आहे. समजा, जेवणारी माणसे शंभर आणि दर माणशी रोजचा खर्च आठ आणे. म्हणजे दिवसाला ५० रुपये, आठवड्याला ३५० रुपये. पगाराचे आठवड्याला ७०० रुपये धरा. बिऱ्हाडाचे आणि नाट्यगृहाचे भाडे, दिवाबत्ती, हस्तपत्रके मिळून २०० रुपये धरा. एकूण १२५० रुपये झाले. तीन खेळांनी ते भरून काढायचे तर प्रत्येक खेळाने सुमारे ४१७ रुपये आणलेच पाहिजेत. नफ्याची गोष्ट त्यानंतर. आता एका रात्री पाऊस कोसळला किंवा मुख्य नटाचा घसा बसला आणि खेळ रद्द झाला. खर्च एका पैने कमी होत नाही. उरलेल्या दोन खेळांवर मात्र प्रत्येकी ६२५ रुपयांचा बोजा येतो. नाट्यगृह तेवढेच, खुर्च्या तेवढ्याच. मग जास्तीचे दोनशे रुपये आणायचे कोठून? कर्ज काढायचे. कर्जाला व्याज. पुढच्या मुक्कामाच्या पहिल्या खेळाचे उत्पन्न मागच्या मुक्कामाच्या सावकाराकडे जाणार. हे चक्र एकदा फिरू लागले की थांबत नाही.

त्यात प्रवास. दक्षिणेकडे निघालेल्या मंडळीला रेल्वेचे रूळ आडवे येत. मुंबई, पुणे, सोलापूर, वाडी हा रुंद मार्ग; पण पुण्याहून मिरज, बेळगाव, हुबळीकडे जाणारा मार्ग मीटरगेज आणि सोलापूरजवळच्या होटगीहून विजापूर, गदगकडे उतरणाराही मीटरगेज. रुंद मार्गाचा डबा मीटरगेजवर जात नाही. म्हणजे गुंडाळलेले अजस्र पडदे, लाकडी चौकटी, कपड्यांच्या ट्रंका, ऑर्गन, तंबोरे असे सगळे सामान एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायचे. हमाली दुप्पट, मोडतोड वेगळी आणि गाडी चुकली तर एक दिवस फुकट. कन्नड रंगभूमीवरच्या मंडळ्यांनाही ही कसरत चुकली नाही. गुब्बी वीरण्णांच्या कंपनीने कुरुक्षेत्र नाटकात रंगमंचावर खरे हत्ती-घोडे आणले, हे प्रसिद्धच आहे. लोकांनी ते पाहून तोंडात बोटे घातली असतील. मला मात्र प्रथम त्या हत्तीच्या वैरणीचे बिल डोळ्यांपुढे आले!

आता गंधर्व मंडळीकडे वळू. या मंडळीचे उत्पन्न इतर कोणत्याही मंडळीला हेवा वाटावा असे होते. १९१६ मध्ये स्वयंवर आले आणि भास्करबुवा बखले यांच्या चालींनी सारा महाराष्ट्र वेडावला. १९१९ मध्ये, गडकरी वारल्यानंतर महिन्याभरातच, एकच प्याला बडोद्याला रंगभूमीवर आले आणि भरजरी रुक्मिणीला डोक्यावर घेणाऱ्या प्रेक्षकांनी फाटक्या लुगड्यातली सिंधू पाहून डोळे पुसले. नाट्यगृहे भरत होती. मग कर्ज का झाले?

याचे उत्तर नारायणरावांच्या स्वभावात आहे. रंगभूमीवर जे दिसेल ते खरे आणि उत्तम असावे, असा त्यांचा ध्यास होता. शालू खरे, दागिने उंची, बैठकीचे गालिचे उंची, नाट्यगृहात अत्तराचा दरवळ. १९२० मध्ये द्रौपदी नाटकाच्या मयसभेचा थाट उभा करताना हात कुठे आखडला नाही. साथीला सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा. आजच्या भाषेत बोलायचे तर ज्यांच्या एकेकट्याच्या मैफलीला लोक तिकीट काढून गेले असते, असे वादक त्यांनी वर्षानुवर्षे पगार देऊन एका नाटक मंडळीत बसविले. प्रेक्षकांनी वन्स मोअर म्हटले की पद पुन्हा. पुन्हा म्हटले की पुन्हा. खेळ पहाटेपर्यंत चालायचा, दिवे जळत राहायचे, तिकिटाचा दर मात्र तोच.

आणि पंगत! गंधर्व मंडळीच्या जेवणावळींच्या कथा नाटकांइतक्याच प्रसिद्ध आहेत. दारी आलेला माणूस जेवल्याशिवाय परत जायचा नाही. माझ्या वरच्या काल्पनिक हिशेबात पन्नास पाहुणे रोज वाढवून पाहा. जेवणखर्च ३५० वरून ५२५ वर जातो, एकूण खर्च १४२५ होतो आणि प्रत्येक खेळाने ४१७ ऐवजी ४७५ रुपये आणावे लागतात. पन्नास माणसांचे वरण-भात-तूप दिसायला किरकोळ, पण ते दर खेळामागे अठ्ठावन्न रुपये खाऊन जाते. अशा खर्चावर पावती नसते, मंजुरी नसते आणि तो कमी करा असे मालकाला सांगण्याची कोणाची छाती नसते.

भागीदार एकेक करून दूर झाले. १९२१ पर्यंत मंडळीची सारी मालकी एकट्या नारायणरावांकडे आली आणि तिच्याबरोबर लाखाच्या वर गेलेले कर्जही त्यांच्याच शिरावर आले. सोने तोळ्याला वीस ते तीस रुपयांच्या दरम्यान मिळत होते तो हा काळ. त्यावरून या लाखाचे वजन ओळखावे.

याच १९२१ सालातली एक घटना मला सर्वांत जास्त विचार करायला लावते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात संयुक्त मानापमानाचा प्रयोग झाला. भामिनी बालगंधर्वांची आणि धैर्यधर केशवराव भोसल्यांचा. केशवराव मूळचे कोल्हापूरचे, पण त्यांची ललितकलादर्श मंडळी निघाली ती १९०८ मध्ये हुबळीत. दोन मंडळ्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी; एकाच गावात एकाच वेळी उतरल्या तर दोघींचे उत्पन्न विभागले जायचे. त्या रात्री मात्र त्या एकत्र आल्या. तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत चढला आणि जमलेले हजारो रुपये टिळक स्वराज्य फंडाला गेले. म्हणजे ज्या वर्षी स्वतःच्या दारात सावकार उभे होते, त्याच वर्षी या माणसाने आयुष्यातील बहुधा सर्वांत गाजलेल्या रात्रीचे उत्पन्न देशासाठी सोडून दिले. तीन महिन्यांच्या आत, ऑक्टोबर १९२१ मध्ये, केशवराव विषमज्वराने वारले. वय अवघे एकतीस.

याला काय म्हणावे? आमच्या वर्गातील एक मित्र याला सरळ बेहिशेबीपणा म्हणतो. ज्याचे देणे बाकी आहे त्याला दान देण्याचा अधिकार नाही, असे त्याचे म्हणणे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात त्याच्या बाजूने पुष्कळ पुरावा सापडेल. मी त्याला पुढचे प्रकरण वाचायला सांगतो.

कर्जाने बुडालेल्या माणसाला त्या वेळीही कायद्याने नादारीचा मार्ग मोकळा होता. न्यायालयात जायचे, जे आहे ते पुढे करायचे आणि उरलेल्या देण्यातून मोकळे व्हायचे. नारायणरावांनी ती वाट धरली नाही. त्यांनी पुन्हा तोंडाला रंग लावला. गावामागून गाव, रात्रीमागून रात्र, रुक्मिणी, भामिनी, सिंधू, द्रौपदी अशा भूमिका करीत सुमारे सात वर्षांत ते कर्ज त्यांनी फेडले. तेहतीस ते चाळीस हे वय नटाच्या, विशेषतः स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाच्या, हातून निसटत जाणारे वय. ती सगळी वर्षे त्यांनी सावकारांच्या वहीत भरली. दान केले ते स्वतःच्या कमाईतून आणि देणे फेडले तेही स्वतःच्या गळ्यातून. कोणाचा पैसा बुडवून मोठेपणा मिरविला, असा डाग या हिशेबाला नाही.

तरीही माझा मित्र पुरता चुकला आहे असे मी म्हणणार नाही. कारण सात वर्षे खपून कर्ज फिटल्यावर खर्चाची रीत तीच राहिली आणि मंडळी पुन्हा कर्जाच्या गाळात रुतली. एक मोठे कर्ज फेडता येते. रोजची गळती मात्र थांबवावीच लागते, फेडून ती संपत नाही. नारायणरावांपाशी कष्ट होते, सचोटी होती, फक्त मी नाही म्हणतो असे सांगणारा खमक्या खजिनदार नव्हता. आणि असलाच तर त्याचे कोणी ऐकत नव्हते.

हे मी इतक्या ठासून लिहितो आहे त्याला कारण आहे. आम्हा मराठी आणि कन्नड विद्यार्थ्यांचे एक छोटे गायन मंडळ आहे. सगळे तारनाक्याच्या आसपास राहणारे. कोणी रेल्वेच्या वसाहतीत, कोणी विद्यापीठाच्या वसतिगृहात. नाट्यपदे, अभंग, वचने आणि दासरपदे असा आमचा मिश्र कार्यक्रम. यंदा तो कलबुर्गी आणि सोलापूर येथे न्यायचा असे ठरले. माणसे चौदा, दिवस चार, कार्यक्रम दोन. अंदाजपत्रक माझ्याकडे आले. मेट्रो स्थानकाच्या खाली असलेल्या चहाच्या दुकानात आमच्या तीन बैठका झाल्या आणि तिन्ही वादाच्या झाल्या. सिकंदराबादहून गाडीभाडे, मुक्काम, जेवण, सभागृह, ध्वनिक्षेपक यांवर कोणाचे दुमत नव्हते. वाद होता तो दोन बाबींचा. मागचा रंगीत पडदा व दिवे एका बाजूला, आणि बाहेरून येणारे आमचे तबलजी दुसऱ्या बाजूला.

हे तबलजी विद्यार्थी नाहीत. शिकवण्या करून त्यांचे घर चालते. चार दिवस आमच्याबरोबर आले तर चार दिवसांच्या शिकवण्या बुडतात. आमच्यातील काहींचे म्हणणे असे की पडदा आणि दिवे आधी ठरवावेत, कारण छायाचित्रांत तेच दिसणार. तबलजींचे मानधन तिकिटांतून काही उरले तर द्यावे, ते आपलेच आहेत, समजून घेतील. फिरत्या गाण्याच्या धंद्यात कित्येकांचे पोट मारले गेले ते याच समजून घेण्याने. मी त्या बैठकीत गंधर्व मंडळीचा दाखला दिला. नारायणरावांनी पडद्यावर पैसा उधळला हे खरे. पण थिरकवांना आणि कादरबक्षांना त्यांनी उरल्यासुरल्यावर ठेवले नाही. साथीदार हा कार्यक्रमाचा खर्च नव्हे, तोच कार्यक्रम आहे, हे त्यांना कळत होते. तेवढे त्यांच्याकडून घ्यावे आणि पंगतीचे सोडून द्यावे, असा माझा आग्रह होता.

शेवटी कागद असा झाला. पहिल्या ओळीत तबलजींचे मानधन, तिकीटविक्री होवो न होवो. दुसऱ्या ओळीत येण्याजाण्याचे भाडे, कारण गेलेल्या माणसाला घरी पोचविणे चुकत नाही. मग जेवण आणि मुक्काम. मग सभागृह आणि ध्वनिक्षेपक. त्यानंतर एकूण खर्चाचा दहावा हिस्सा अडीअडचणीसाठी बाजूला. जमेच्या बाजूला आम्ही सभागृहाच्या सगळ्या खुर्च्या धरल्या नाहीत. निम्म्याच धरल्या, आणि त्यांतूनही फुकट पासांच्या दोन रांगा वजा केल्या. एवढे करून जे उरेल त्यात पडदा आणि दिवे. हिशेब केल्यावर पडद्यापुरते उरले नाही. दोघेजण रुसले. त्यांतील एकजण मंडळ सोडून गेला. गळा त्याचा आम्हा सगळ्यांत चांगला होता. त्याचे जाणे मला लागले, आणि एका मोठ्या गळ्यापुढे मंडळीतले सगळे हिशेबनीस गप्प का बसत असतील, तेही थोडेसे समजले. तबलजींना मानधनाचा आकडा लेखी दिला. कलबुर्गीच्या कार्यक्रमात पाठीमागे साधी पांढरी चादर होती आणि तबला मात्र खणखणीत वाजला.

असो. मूळ चरित्राकडे वळतो. १९३० नंतर बोलपटांनी फिरत्या मंडळ्यांची पाळेमुळे हलविली. बोलपटाला जेवण लागत नाही, पगार लागत नाही, त्याचा घसा बसत नाही. एका डब्यात घालून तो गावोगाव जातो. शंभर माणसांचे बिऱ्हाड त्याच्याशी कशी स्पर्धा करणार? गंधर्व मंडळीचा कारभार आवरता घ्यावा लागला. १९३५ मध्ये प्रभातच्या धर्मात्मा चित्रपटात नारायणराव एकनाथांच्या भूमिकेत पुरुषवेषाने दिसले. पण कॅमेऱ्यापुढे वन्स मोअर म्हणणारे कोणी नव्हते. त्यांचे मन तिथे रमले नाही आणि प्रभातबरोबरचा तो पहिलाच चित्रपट शेवटचा ठरला. ते पुन्हा रंगभूमीकडे वळले.

या परतीच्या प्रवासात त्यांना तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातील गोहरबाई कर्नाटकी यांची साथ मिळाली. अमीरबाई कर्नाटकींच्या या भगिनी. गंधर्वांची गायकी त्यांनी ध्वनिमुद्रिका ऐकून आत्मसात केली होती असे सांगतात. त्या मंडळीत नायिका म्हणून उभ्या राहिल्या. त्या काळच्या समाजाने या नात्याबद्दल दोघांनाही पुष्कळ बोल लावले. पण जमाखर्चाच्या नजरेने पाहिले तर दिसते ते असे की, येणे संपले, देणे उरले, पायांनी साथ सोडली, अशा दिवसांत एका कानडी बाईने हे घर सांभाळले. आपल्या मराठी लेखनात ही जमा पुष्कळदा मांडली जात नाही, म्हणून ती येथे मुद्दाम मांडून ठेवतो.

उतारवयात नारायणराव भजने गात. मानसन्मान आले, १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६४ मध्ये पद्मभूषण. पैसा मात्र परत आला नाही. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. पुढच्याच वर्षी, २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, पुण्यात मुठेच्या काठी बालगंधर्व रंगमंदिराचे उद्घाटन झाले.

त्यांच्याच काळातले आणखी एक उदाहरण शेवटी ठेवतो. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीही गावोगाव तिकिटाचे जलसे करून त्या पैशांवर गांधर्व महाविद्यालय चालविले. १९०१ मध्ये लाहोरला, १९०८ मध्ये मुंबईला. मुंबईत इमारत बांधली आणि कर्जापायी ती हातची गेली. पण विष्णु दिगंबरांनी दौऱ्यांचा पैसा शिष्य घडविण्यात घातला होता. इमारत गेली तरी शिष्य राहिले आणि विद्यालयाचे नाव पुढे चालले. बालगंधर्वांनी आपला पैसा एका रात्रीपुरत्या दिसणाऱ्या सौंदर्यात घातला. ती रात्र संपली की तो खर्च वहीत शून्य म्हणूनच उरायचा. तरी ज्यांनी ती रात्र पाहिली त्यांनी मुलांना सांगितले, त्या मुलांनी नातवंडांना सांगितले, आणि म्हणून तारनाक्याला राहणारा माझ्यासारखा एक विद्यार्थी आज त्यांच्याविषयी लिहितो आहे. ही जमा कोणत्या सदरात धरावी हे वाणिज्याच्या पुस्तकात दिलेले नाही. मी माझ्यापुरते ठरविले आहे. गाण्याचा दौरा काढणाऱ्याने नारायणरावांसारखे गाणाऱ्याला आणि वाजविणाऱ्याला आधी द्यावे, घेतलेले कर्ज त्यांच्यासारखेच शेवटच्या पैपर्यंत फेडावे. आणि त्यांनी जे केले नाही तेही करावे. रोज रात्री, खेळ संपल्यावर, दिवा मालविण्यापूर्वी वही उघडावी.